पाण्यावरच्या मांडवाचा पंखा

माझी बदली मन्याड नदीवरच्या धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या शाळेवर झाली तेव्हा मला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही. बदलीचा कागद हातात आला त्या दिवशी घरी येऊन मी मोबाइलवर नकाशा उघडला. अहमदपूरपासून ते गाव बोटाच्या पेराएवढं जवळ दिसत होतं, पण मधे निळा रंग होता. धरण झालं तेव्हा जुना रस्ता पाण्याखाली गेला होता. अलीकडचा काठ लातूर जिल्ह्यात, पलीकडचा नांदेडात. रस्त्यानं जायचं तर भला मोठा वळसा, दोन गाड्या बदलायच्या आणि प्रार्थना संपून पहिला तास अर्धा झाल्यावर पोचायचं.

"बोट हाय की बाई," एसटीच्या कंडक्टरनं धीर दिला. "मांडव म्हणतेत तिला."

मांडव का म्हणतात ते काठावर गेल्यावर कळलं. खाली अॅल्युमिनियमचे दोन लांबलचक बंद नळकांडी, त्यांच्यावर सपाट फळ्यांची जमीन, चारी बाजूंनी कठडा आणि वर निळ्या कापडाचं छत. मागच्या बाजूला चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन लटकवलेलं. अशा बोटीला पॉण्टून बोट म्हणतात हे मला नंतर समजलं. कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधली ही बोट, गावातल्या पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माणसानं मिळवून गावाला दिली होती. पर्यटकांनी खुर्च्या टाकून भजी खात फिरावं म्हणून बनवलेल्या त्या बोटीवर आता दुधाचे कॅन, खताची पोती, शेळ्या, एखादी मोटरसायकल आणि आम्ही दोन शिक्षक रोज ये-जा करायचो.

बोट चालवणारे मामा पन्नाशीचे. अंगानं काटक, केस पांढरे, आवाज मोठा. आयुष्यभर त्यांनी त्याच पाण्यात मासे धरले होते आणि तेही थर्माकोलवर. आमच्याकडच्या धरणांवर मासेमारांकडं नाव नसते. थर्माकोलचे ठोकळे पोत्यात शिवून घ्यायचे, त्यावर मांडी घालून बसायचं आणि दोन हातांत दोन फळकुटं धरून पाणी मागं सारायचं. तीस वर्षं मामांनी असं पाणी सारलं होतं. मग गावात बोट आली आणि पाण्याची सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस म्हणून ती त्यांच्या हवाली झाली.

पहिल्या दिवशी मी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते. मामांनी एकदाच माझ्याकडं बघितलं.

"बाई, हे बुडत न्हाई. एक नळा फुटला तरी दुसऱ्यावर तरंगतंय."

"कधी फुटलाय का?"

"अजून तर न्हाई," मामा म्हणाले आणि इंजिनाची दोरी ओढली.

दोन महिन्यांत माझी भीती गेली आणि तिच्या जागी वैताग आला. सकाळच्या फेरीला बोटीवर चांगली अठरा-वीस माणसं असायची आणि बोट अक्षरशः सरपटायची. इंजिन तर पूर्ण जोर लावून घुमायचं, मागून काळा धूर निघायचा, पण काठ काही मागं सरकायचा नाही. समोरून वारा असला तर विचारूच नका. मला वाटायचं, बोट आहेच अशी. मोठी, सपाट, वर मांडव. हिच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची? गावातले लोक मात्र इंजिनाला दोष द्यायचे. "बैल म्हातारा हाय," असं म्हणायचे.

मग माघात ते लग्न आलं.

नवरदेव आमच्या शाळेच्या गावचा, नवरी अलीकडची. मुख्याध्यापकांना आणि मला आग्रहाचं बोलावणं होतं. वऱ्हाडातली बरीच माणसं सकाळीच टप्प्याटप्प्यानं पार गेली होती. शेवटच्या फेरीला नवरदेव, त्याची आई, करवल्या, मुख्याध्यापक, मी आणि बँडवाले असे पंचवीस तरी जण चढलो. मुहूर्त साडेबाराचा. आम्ही काठ सोडला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. वेळ भरपूर होता.

अर्ध्या पाण्यात गेल्यावर पश्चिमेकडून वारा सुटला. वरचं कापड फुगलं. इंजिनाचा आवाज खाली खाली जात खर्जात गेला, आणि बोट जागच्या जागी उभी राहिली. मी दूरच्या एका वाळलेल्या बाभळीवर नजर ठेवली होती. पाच मिनिटं झाली तरी बाभूळ तिथंच. थोड्या वेळानं ती उलट पुढं सरकायला लागली, म्हणजे आम्ही मागं चाललो होतो.

बँडवाल्यांना वाटलं, लोक घाबरतील. म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली. त्यामुळं काठावरच्या मंडळींना वाटलं, आम्ही मजेत आहोत. त्यांनी हात हलवले. आम्हीही हलवले. नवरदेवाच्या आईनं दोन्ही हात उंच करून ओरडून सांगितलं, "अडकलाव!" पलीकडच्यांनी आणखी जोरात हात हलवले.

बाराला दहा कमी असताना मामांनी शिट्टी मारली. बाजूला जाळं टाकून बसलेले तीन मासेमार थर्माकोलवरून आले. मामांनी त्यांच्याकडं दोर फेकला. चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन चालू, वर बँड चालू, आणि पुढं तीन माणसं थर्माकोलवर बसून फळकुटांनी पाणी मारत आम्हाला ओढतायत, असे आम्ही मुहूर्ताच्या पाच मिनिटं आधी काठाला लागलो. नवरदेव उडी मारून चिखलातून पळाला. लग्न वेळेवर लागलं.

सगळे हसत होते, मामा सोडून. ते बोटीवरच बसून राहिले. मी पत्रावळीवर वाढून घेऊन त्यांच्याकडं गेले.

"जेवून घ्या मामा."

"बाई, तुम्ही शायन्स शिकवता ना?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "मग सांगा, एवढं मोठं इंजिन आन् जोर कुठं चाललाय?"

बी.एस्सी. होऊन वीस वर्षं झाली होती. न्यूटनचा तिसरा नियम मी दरवर्षी शिकवत होते, परीक्षेला विचारत होते, पण पाण्यातल्या एका इंजिनाचा जोर कुठं चाललाय हे मला माहीत नव्हतं. ती गोष्ट मला घरी गेल्यावरही सोडेना.

पुढच्या रविवारी मी लातूरला गेले. माझ्या माहेरच्या शेतातल्या बोअरची मोटार ज्यांच्याकडं दुरुस्तीला जायची, ते मिस्त्री मला लहानपणापासून ओळखत होते. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. कपाळाला विभूती, अंगात ग्रीसनं काळा झालेला बनियन आणि दुकानभर मोटारी उघडून टाकलेल्या. मी बोटीची हकीकत सांगितली. लग्नाचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला.

हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पंखा कोणता हाय?"

"कसला पंखा?"

"पाण्यातला. इंजिनाच्या बुडाला असतोय बघा. त्यावर आकडे कोरलेले असतेत."

मी मामांना फोन लावला. मामांनी इंजिन वर उचललं, पंख्यावरचं शेवाळ पुसलं आणि आकडे वाचून दाखवले. अकरा आणि पंधरा.

"अकरा इंच व्यास. पंधरा म्हणजे पिच," अप्पा म्हणाले. त्यांनी ड्रॉवरमधून दोन स्क्रू काढून माझ्यासमोर ठेवले. एकाचे आटे दाट, दुसऱ्याचे विरळ. "हे दोन्ही लाकडात एक फेरा फिरवा. विरळ आट्याचा जास्त आत जाईल, पण हात दुखेल. दाट आट्याचा थोडाच जाईल, पण सहज जाईल. पंधराचा पंखा म्हणजे विरळ आट्याचा. एका फेऱ्याला पंधरा इंच पुढं जाऊ म्हणतोय. हलकी, पळणारी बोट असली तर ठीक. तुमचा तर मांडव हाय. उसानं भरलेली ट्रॉली टॉप गिअरमधी चढावर घातल्यावर ट्रॅक्टरचं काय होईल, तसं झालंय."

मी तिथल्या तिथं उडालेच. इंजिन म्हातारं नव्हतं. बोट वाईट नव्हती. चुकीचा पंखा होता. नंतर कळलं की रिसॉर्टमधून बोट आणताना मूळ पंखा दगडावर आपटून मोडला होता आणि कुणीतरी मिळेल तो, स्पीडबोटीचा पंखा बसवून दिला होता.

"मग दाट आट्याचा घेऊ," मी म्हणाले.

"किती दाट? ते मोजल्याशिवाय कसं सांगावं?"

पुढच्या रविवारी अप्पा स्वतः आले. बोट बघायचीच होती त्यांना. त्यांच्याकडं इंजिनाचे फेरे मोजायचं एक छोटं मीटर होतं. प्लगच्या वायरला चिमटा लावला की पडद्यावर आकडा येतो. इंजिनाच्या पुस्तकात लिहिलं होतं, पूर्ण जोरात मिनिटाला पाच ते सहा हजार फेरे पडले पाहिजेत. आम्ही काठावरून गोळा करून वीस माणसं बसवली. माणसं आनंदानं बसली, फुकटची फेरी होती. मामांनी इंजिनाची मूठ पूर्ण पिळली. आकडा एकोणचाळीसशेच्या वर जाईना.

"बघा, गुदमरून राहिलंय बिचारं," अप्पा म्हणाले.

मी वहीत आकडा लिहिला. मग पंधरा माणसं बसवून लिहिला, मग दहा. शाळेची जुनी चौकडीची वही होती, तिच्यावर मी एक ठसठशीत शीर्षक दिलं: पंखा. त्या दिवशी संध्याकाळी आमचे हे जेवताना म्हणाले, "लग्नाला अठरा वर्षं झाली, माझ्यावर कधी वही केली नाहीस."

अप्पांच्या ओळखीनं कोकणातल्या एका बंदरावरच्या दुकानदाराचा नंबर मिळाला. बोटींचं सामान विकणारा माणूस. त्याला मी फोनवर सगळे आकडे वाचून दाखवले. तो शांतपणे ऐकत होता.

"बाई, तुम्ही कुठून बोलता?"

"लातूर-नांदेड."

"तिकडे समुद्र खंय?"

"धरण आहे."

"बरं बरं. तर ऐका. पिच एक इंच कमी केला की फेरे साधारण दोनशेनं वाढतात. तुम्हाला बाराशे वाढवायचे तर सहा इंच. पण दहाच्या खाली जाऊ नका, रिकामी बोट असताना इंजिन बेफाम फिरेल. दहाचा घ्या, चार पात्यांचा. तीन पात्यांपेक्षा चार पाती पाणी जास्त घट्ट धरतात. वजन ओढायला बरी."

मी म्हणाले, स्टीलचाच पाठवा, चकचकीत, टिकेल. तो हसला. "पाण्यात झाडांचे बुंधे आहेत का?"

होते. धरणात बुडालेल्या बाभळी आणि कडुलिंब. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांची टोकं वर येतात.

"मग अॅल्युमिनियमचा. बुंध्यावर आपटला तर पंखा वाकेल, आतलं गिअर वाचेल. स्टीलचा घेतलात तर पंखा शाबूत आणि गिअरचा चुरा."

एवढं सगळं मार्गी लागलं होतं. पण अप्पांनी मधेच एक फाटा फोडला. नवा पंखा यायला वेळ लागेल, तोवर जुन्याचीच पाती घासून-वाकवून पिच कमी करून बघतो म्हणाले. पंपाचे पंखे ते तसे करत असत. मला पटलं. मी मामांना सांगितलं, पंखा काढून ठेवा, शनिवारी मी लातूरला नेते.

"काढतो," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नट जाम हाय." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाना सापडना." शुक्रवारी सकाळी मी काठावर आले तर बोट बांधलेली, इंजिन वर उचललेलं आणि बुडाला पंखाच नाही.

"काढला का मामा?"

"काढताना पाण्यात पडला."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते पाण्याकडं बघत होते. काठावर वीस माणसं उभी होती, दुधाचे कॅन उन्हात तापायला लागले होते. लोक चिडले. कुणी म्हणालं, बाईनं नको तिथं डोकं घातलं. दूधवाले जीप बघायला निघाले. मी मोठ्या वळशानं शाळेत पोचले तेव्हा मधली सुट्टी होत आली होती. दिवसभर माझं लक्ष नव्हतं. चालतं ते बरं चाललं होतं, मी कशाला मधे पडले, असं वाटत होतं.

शाळा सुटल्यावर मी मामांच्या घरी गेले. त्यांचं घर शाळेच्याच गावात, काठाजवळ. मामा नव्हते. मामींनी अंगणात पाट दिला, चहा ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "काहून अशी तोंड पाडून बसलाव?"

"पंखा पाण्यात पडला ना मामी. आता शोधायचा कसा?"

मामी चुलीपुढून उठल्या. आत गेल्या आणि घोंगडीत गुंडाळलेलं एक गाठोडं आणून माझ्यासमोर ठेवलं. त्यात पंखा होता. खोबरेल तेल लावून पुसलेला.

"कशाचं पाण्यात पडतंय? काल रातीला बोट पलीकडं ठेवून थर्माकोलवरून घरी आले अन् हे बाजेखाली घेऊन झोपले. मला म्हणले, कुणाला सांगू नको. मी काय करू? तुम्ही शिक्षक मानूस, तुमच्याशी खोटं कसं बोलू?"

तेवढ्यात मामा आले. अंगणात पंखा बघून दारातच थांबले. मला राग आला होता, पण त्यांचं तोंड बघून तो बोलता येईना.

"काय झालं मामा? नीट सांगा."

ते खाली बसले. घोंगडीची दशी ओढत म्हणाले,

"बाई, तुम्ही कधी रिकाम्या बोटीत बसला न्हाई."

"नाही."

"संध्याकाळी शेवटची फेरी टाकली की मी एकला परत येतो. बोट रिकामी. मूठ पिळली की ही अशी उठतीया." त्यांनी तळहात तिरपा केला. "तीस वर्सं थर्माकोलवर बसून पाणी मारलं. घंट्याला एवढं पुढं जायचं. आन् आता पन्नासाव्या वर्सी मी ह्या पाण्यावर पळून राहिलोय. तुम्ही अन् अप्पा वहीत लिहून राहिले, किती मानसं, किती वजन. रिकामी असताना कशी चालतीया, ते कुणी इचारलंच न्हाई. घासला की झालं. मग ती कधीच उठनार न्हाई."

खरंच विचारलं नव्हतं. वीस, पंधरा, दहा माणसांची फेरी मी वहीत लिहिली होती. एका माणसाची लिहिलीच नव्हती.

"पण मग लग्नाच्या दिवशी..." मी म्हणाले.

"त्या दिवशी मला माझ्याच भाऊबंदांनी ओढलं," मामा म्हणाले. "मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बी नको. पन हे बी घासू नका."

"मामा, घासणार नाही. नवाच आणू. आणि हा तुमच्याकडंच राहील. पंखा बदलायला कितीसा वेळ लागतो?"

"धा मिनिटं. पिन काढायची, नट काढायचा."

"मग काय अडचण आहे?"

नवा आला की जुना भंगारात जाणार, असंच मामांनी धरून ठेवलं होतं. आणि मी नि अप्पा शिकलेली माणसं असल्यामुळं विचारायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ते थर्माकोलवरून पार गेले, पंखा परत बसवून बोट घेऊन आले आणि मला घरी सोडायला निघाले. बोटीवर आम्ही दोघंच. "धरा," मामा म्हणाले आणि मूठ पिळली. बोटीचं तोंड उचललं. वरचं कापड फडफडायला लागलं, माझा पदर तोंडावर आला, आणि रोज पंचवीस मिनिटं खाणारं ते पाणी पाच मिनिटांत मागं गेलं. मी ओरडले. भीतीनं की आनंदानं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मामा मोठ्यानं हसत होते. काठ आल्यावर मी वही काढली आणि लिहिलं: माणसं दोन, वेळ पाच मिनिटं. फेरे किती ते लिहायला मीटर नव्हतं.

अप्पांना मी फोनवर सांगितलं की घासायचा बेत रद्द. ते जरा हिरमुसले, मग म्हणाले, "बरोबर हाय. घासून थरथरला असता."

नवा पंखा मागवताना दुकानदारानं आणखी एक गोष्ट विचारली होती. ज्या दांड्यावर पंखा बसतो, त्या दांड्याला खाचा असतात. त्या किती, ते मोजून सांगा म्हणाला. मी मोजल्या. बारा. पार्सल लातूरला अप्पांच्या दुकानात आलं. चार पात्यांचा, काळ्या रंगाचा, सुंदर पंखा. आम्ही तो घेऊन काठावर गेलो. निम्मं गाव जमलं होतं. मामांनी जुना काढला, नवा सरकवायला गेले तर तो जाईचना.

अप्पांनी दांडा कापडानं पुसला आणि बोटानं मोजायला सुरुवात केली. "तेरा," ते म्हणाले.

"बारा," मी म्हणाले.

"एक ग्रीसखाली लपली होती."

मी परत मोजल्या. तेरा. सातवीचे माझे अर्धे विद्यार्थी तिथं उभे होते. त्यांच्यातली एक जण मागून अगदी हळू म्हणाली, "बाई आपल्याला म्हणतात, उत्तर आलं की एकदा ताळा करून बघा." मामा एवढे हसले की त्यांना पाना खाली ठेवावा लागला. मला वाटतं, त्या दिवसापासून आमच्यातलं सगळं सरळ झालं.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं पंखा बदलून दिला. दहा दिवसांनी तेरा खाचांचा आला आणि लोण्यात सुरी जावी तसा बसला.

परीक्षा आम्ही बाजाराच्या दिवशी घेतली. वीस माणसं, दोन शेळ्या, चार कॅन आणि एक शिलाई मशीन. वाराही समोरून होता, म्हणजे बरंच झालं. मामांनी पागोटं नीट केलं, मूठ हळूहळू पिळली. इंजिन आधीसारखं खर्जात गेलं नाही. त्याचा आवाज चढत गेला, मोकळा झाला. अप्पांनी मीटर माझ्यासमोर धरलं. एक्कावन्नशे. मागं धूर नव्हता. मी वाळलेल्या बाभळीकडं बघितलं तर ती केव्हाच मागं पडली होती.

"बाई, ओढतंय!" मामा ओरडले. "खेचून राहिलंय बघा!"

नऊ मिनिटांत काठ आला. पूर्वी तेवढ्याच वजनाला पंचवीस लागायची. बाजाराला निघालेल्या बायकांपैकी एकीनं उतरायच्या आधीच विचारलं, "आज येवढ्या लवकर? आता बाजार मांडायच्या आधीच जाऊन बसावं का काय?"

नव्या पंख्यातही एक उणं होतं. बोट रिकामी असली की इंजिन फार वर जायचं, मामांना मूठ आवरून धरावी लागायची. ते कुरकुरले. मी म्हणाले, रिकामी असताना तुमच्याकडं दुसरा आहे की. पहिले काही आठवडे ते रविवारी हौसेनं पंखा बदलायचे. पुढं महिन्यातून एकदा. मग एकदा मी विचारलं तर म्हणाले, "कोण बदलत बसतंय बाई? हल्ली फेऱ्याच इतक्या होतेत, संध्याकाळी घरी जावंसं वाटतंय." खरंच फेऱ्या वाढल्या होत्या. वेळेचा भरवसा आल्यावर पलीकडच्या दोन वाड्यांची माणसंही आमच्या काठावर यायला लागली. आमच्या शाळेला त्या वर्षी सहावीला चार नवी मुलं मिळाली, अलीकडच्या काठावरून येणारी.

उन्हाळ्यात मामांनी एकदा बुंध्यावर बोट घातलीच. एक पातं वाकलं, गिअर वाचलं. अप्पांनी ते ठोकून सरळ केलं. त्यांची हौस अशी फिटली.

पुढच्या वर्षी माझी बदली रेणापूरच्या बाजूला झाली. आता माझी शाळा डांबरी रस्त्यावर आहे आणि एसटी दारात थांबते. मामा अधूनमधून फोन करतात. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला तेव्हा ते भलतेच खुशीत होते. बिलोलीकडच्या एका गावानं अशीच बोट आणली होती आणि ती भरल्यावर चालत नव्हती. कुणीतरी मामांचं नाव सांगितलं, म्हणून तिथली दोन माणसं गाडी करून त्यांना न्यायला आली होती.

"मग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"आधी काहीच सांगितलं न्हाई. मी म्हणलं, बोट कोण चालवतंय त्याला बोलवा. एक तरणं पोरगं आलं. त्याला म्हणलं, तू सांग, भरलेली कशी चालतीया अन् रिकामी कशी चालतीया. ते लई वेळ बोलत बसलं. त्याला आजपतुर कुणी इचारलंच नव्हतं. मग म्या म्हणलं, आता दांडा पुसा अन् खाचा मोजा."

"किती निघाल्या?"

"तिघांनी मोजल्या, तीन आकडे आले," मामा म्हणाले. "उद्या परत चाललोय. तुम्ही येता का?"

दुसऱ्या दिवशी शाळेत घटक चाचणी होती, त्यामुळं मला जाता आलं नाही. मी त्यांना अप्पांना घेऊन जायला सांगितलं आणि मीटर विसरू नका म्हणाले.